बाटली क्रमांक चौदा

नाल्याचं झाकण उचलायच्या आधी
इनास डाबरे तोंडातली सुपारी थुंकतो.
"मॅडम, वाऱ्याकडे पाठ करा."
धारावीचा नाला मिठीला मिळतो तिथे,
सकाळी साडेसहाला, भरती चढायच्या आत,
दोरीला बांधलेली बाटली आम्ही खाली सोडतो.
पोरं विचारतात, सोनं सापडतं का?
इनास म्हणतो, हो, पण फार बारीक असतं.

विद्यानगरीत परत. बाटली चौदा.
गाळ बसू द्यायचा, मग गाळायचं
इतक्या बारीक जाळीतून
की जिवाणूसुद्धा अलीकडेच अडकतो.
पलीकडे उतरतं ते नुसतं पाणी.
यात दिसण्यासारखं काही नसतं, असं आईला सांगितलं,
तर ती म्हणाली, मग पगार कशाचा देतात?

बशीत यल्लप्पा होटकरांचा जंतू पेरलेला.
पालिकेच्या इस्पितळातून आला, कापसाच्या बोळ्यावर,
उजव्या टाचेच्या जखमेतला.
सोबत सतरा औषधांची यादी
आणि सतरांपुढे एकच शेरा: दाद देत नाही.

रात्रभर सदतीस अंशांवर
जंतूंचं कुरण दाट माजलं.
सकाळी त्यात भोकं.
टाचणीच्या डोक्याएवढी, नितळ,
कुणी चरून गेल्यासारखी.
मोजली, एकोणतीस. पुन्हा मोजली, एकतीस.
इनासनं बशी उजेडात धरली,
बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "हे घाणीनं केलं?"

विषाणूनं केलं.
ज्यांच्या धास्तीनं आपण दारं लावून बसलो होतो
त्यांच्यातलाच हा म्हणायचा,
पण माणसाच्या वाटेला न जाणारा,
एकाच जातीच्या जंतूवर जीव असलेला.
विभागाच्या बैठकीत सगळ्यांना
'काट्यानं काटा' आठवलं.
मला टाच आठवत होती.

मग समिती. मग शुद्धतेचा दाखला.
'नमुन्याचा उगम' या रकान्यात मी 'नाला' लिहिलं,
ते खोडून 'पर्यावरणीय स्रोत' लिहायला लावलं.
दिवाळीची सुट्टी. एक सही पुण्यात अडकलेली.
भोकं पडायला एक रात्र पुरली होती.
त्याचं औषध होईस्तोवर
बाटलीवरची शाई दोनदा उडाली,
इनासनं दोनदा नवी चिठ्ठी डकवली.

परवानगीचं पत्र सोमवारी आलं.
होटकरांचा पाय शुक्रवारी गेला, गुडघ्याखाली.

भेटायला जायचं धाडस मला झालं नाही.
तेच आले, फेब्रुवारीत, कुबड्यांवर, मेहुण्यासोबत.
तीस वर्षं चामड्याच्या पिशव्या शिवणारा माणूस.
"माझा किडा बघायचाय."
शीतपेटी उघडली. उणे ऐंशी. पांढरी वाफ.
बोटाच्या पेराएवढी नळी, वर नाव नाही, आकडा.
शेजारच्या खणात चौदा.
"हा ह्याला खातो?"
"खातो."
"आणि ह्याला आणलं कुठून?"
सांगितलं. नाला. त्यांच्याच गल्लीमागचा.

ते असे हसले की एक कुबडी निसटली.
"तीस वर्षं नाकाला रुमाल लावून
औषधाशेजारून गेलो की मी!"
इनासही हसला. मला जमलं नाही.

जाताना संमतीपत्रावर सही केली,
वळणदार, कडेला न जाणारी,
टाका घालावा तशी.
"त्याला जिवंत ठेवायला काय घालता?"
"तुमचाच जंतू."
"मग दोघांनाही सांभाळा."

सध्या बावीस नंबरच्या खाटेवर एक मुलगी आहे,
भाजलेला दंड, तोच हट्टी जंतू.
चौदातले थेंब मोजून जातात.
काल ताप उतरला. वहीत एवढंच लिहिलं.
एका तापावरून काही म्हणू नये,
हे मीच पोरांना शिकवते.

आणि आज रात्री कलिन्यात वीज गेली.
जनरेटर खोकतोय, पेटीचा भोंगा वाजतोय.
इनास मासळीबाजारात बर्फ आणायला पळालाय.
मी पेटीच्या दाराला पाठ लावून उभी आहे.
उघडून बघावंसं वाटतंय.
बघत नाही.